पदराखालची वायर

माणूस श्वास घेतोय की नाही एवढं बघण्याचा पगार मिळतो, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. "अगं, तो तर आपोआप चालतो," असं त्या म्हणायच्या, आणि मी डबा घेऊन घराबाहेर पडले की शेजारणीला सांगायच्या, "सूनबाई दवाखान्यात ऑफिसला आहे." कुलकर्ण्यांच्या घरात पोथ्या वाचणारे झाले, दप्तरं सांभाळणारे झाले, बँकेत बसणारे तर ढिगानं झाले, परक्या माणसाच्या नाकापुढं बोटं धरून उभी राहणारी मी पहिलीच. सासूबाईंचं एक मात्र खरं होतं. श्वास आपोआप चालतो, आणि तो चालतो तोवर आमच्यासारख्यांचं काही काम नसतं. चालता चालता तो कुणाला न सांगता थांबतो, म्हणून आम्हाला ठेवलेलं असतं.

मी नर्स होते. नोकरीचा बराचसा काळ शहरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात, रिकव्हरीची इनचार्ज म्हणून काढला. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून मागे लागलेल्या संपादकांना वाटलं होतं, मी रक्ताच्या आणि अपघाताच्या गोष्टी लिहीन. त्यांची निराशा होणार आहे. रिकव्हरीत रक्त फारसं नसतंच. तिथं जे घडतं ते इतकं गुपचूप घडतं की कळल्यावर पायाखालची जमीन सरकते. मी ज्या दिवसाबद्दल लिहिणार आहे तो आठवला की अजूनही हातातलं काम हातात राहतं.

आधी खोली समजून घ्या. ऑपरेशन थिएटर आणि वॉर्ड यांच्या मधे जी खोली असते ती रिकव्हरी. सिनेमात डॉक्टर दार ढकलून बाहेर येतो, "ऑपरेशन यशस्वी झालं" म्हणतो आणि सगळे हात जोडतात. माझी ड्यूटी तिथून पुढं सुरू व्हायची. भूल उतरत असते, दुखण्यावरची जालीम औषधं अंगात असतात, आणि ही औषधं मोठी गोडबोली. ती दुखणं विसरायला लावतात, आणि जमलंच तर श्वास घ्यायचंही विसरायला लावतात. पेशंट तडफडत नाही, हाक मारत नाही. गाढ झोपल्यासारखा दिसतो, आणि चेहऱ्यावर असं समाधान असतं की बघणाऱ्याला त्याला उठवावंसं वाटत नाही.

म्हणून श्वास मोजायचे. मिनिटाला किती, खोल की उथळ. ऐकायला सोपं आहे, पण करून बघा. तुमचा श्वास मोजते म्हटलं की माणूस लगेच शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो, फोटो काढताना ताठ बसतो ना, तसा. त्यासाठी आमच्या सीनियर सिस्टरनी एक लबाडी शिकवली होती. मनगट धरायचं, नाडी बघतेय असं दाखवायचं, आणि डोळे ठेवायचे छातीवर. पेशंटला वाटतं नाडी चालली आहे. मी अशी हजारो मनगटं धरली असतील, आणि त्यांतल्या निम्म्या वेळा नाडीकडे माझं लक्षच नव्हतं.

मग ते मशीन आलं.

कंपनीचा माणूस एक टिकली घेऊन आला होता. टिकली म्हणजे रुपयाएवढी गोल चकती, मागं डिंक, आणि तिला लांब वायर. ती गळ्यावर, स्वरयंत्राच्या बाजूला चिकटवायची. "हा एक कान आहे," तो म्हणाला. गळ्यातून हवा आत-बाहेर जाताना जो बारीक आवाज होतो तो हा कान ऐकतो, आणि मशीन पडद्यावर आकडा दाखवतं. खाली एक लाटांची रेघ, एका श्वासाला एक लाट. आम्ही सगळ्या खूष. दाखवायला म्हणून त्यानं टिकली आमच्या सिंधूमावशींच्या गळ्याला लावली. मावशी म्हणजे आमच्या वॉर्डाच्या आया. पडद्यावर आकडा येईचना. नुसत्या दोन आडव्या रेघा, आणि लाटेच्या जागी कोंबडीनं पाय घासल्यासारखं काहीतरी.

"मावशी, जरा गप्प बसा," तो माणूस घामाघूम होऊन म्हणाला.

"गप बसायला मी काय पेशंट हाये?" मावशींनी विचारलं.

तेव्हा कळलं की या कानाला बोलणं चालत नाही. माणूस बोलला की त्याचा गोंधळ होतो आणि तो आकडा द्यायचं सोडून देतो. मी सगळ्या मुलींना एकच नियम घालून दिला होता. पडद्यावर असा चिरखडा दिसला की पेशंटच्या तोंडाकडे बघा. ओठ हलत असले तर काळजी नाही, बोलणारा माणूस श्वास घेतच असतो. गुलमंडीतले एक कापडवाले शेठ हर्नियाच्या ऑपरेशननंतर अर्ध्या भुलीत तासभर साड्या विकत होते, "वैनी, ह्याला पदर बघा, पदर बघा," आणि पडद्यावर तासभर नुसत्या आडव्या रेघा. आम्ही हसून हसून बेजार झालो. त्या रेघा बघून मी कधी घाबरेन असं त्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तर त्यालाही हसले असते.

तुम्ही म्हणाल, बोटाला चिमटा लावतात ना, ऑक्सिजन दाखवणारा? लावतात. कोविडनंतर तर तो चिमटा घरोघरी झाला, आणि त्याच्यावर लोकांचा देवाइतका विश्वास. पण पेशंटला नळीनं ऑक्सिजन चालू असेल तर हा चिमटा फार उशिरा खरं बोलतो. आमच्या शहरात हे समजावायला वेळ लागत नाही. नळाला पाणी येऊन आठवडा झाला असला तरी गच्चीवरच्या टाकीत आहे तोवर घरात सगळं आलबेल असतं. अंघोळी होतात, कपडे धुतले जातात. टाकीत खडखडाट झाला की मग धावाधाव. बोटाचा चिमटा टाकी बघतो. गळ्यावरचा कान नळाला पाणी येतंय का ते ऐकतो. म्हणून तो कान महत्त्वाचा.

त्या दिवशीचे पेशंट सर्जेराव, बिडकीनचे. औद्योगिक वसाहतीत जमीन गेल्यावर त्यांनी कंपनीच्या कामगारांची ने-आण करणाऱ्या गाड्या लावल्या होत्या. घरच्या पाण्याच्या टाकीवर चढून झाकण बसवताना पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. दांडगा माणूस, मान तर अशी की शर्टाचं वरचं बटण उभ्या जन्मात लागलं नसेल. अशा आखूड, जाड मानेच्या आणि घोरणाऱ्या माणसांची आम्हाला जास्त भीती. झोपेत त्यांचा गळा तसाच मिटत असतो, त्यात दुखण्याची औषधं पडली की विचारायलाच नको. ऑपरेशन छान झालं. भूलतज्ज्ञ मॅडमनी बजावलं, "सिस्टर, यांच्या गळ्यावरचा सेन्सर उद्यापर्यंत काढायचा नाही."

रिकव्हरीला लागून चार खाटांची एक खोली होती, तिथं पेशंटजवळ एका नातेवाइकाला बसता यायचं. सर्जेरावांजवळ त्यांच्या बायको बसल्या, प्रयागबाई. किडकिडीत बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि डोक्यावरून घेतलेला पदर खांद्यावरून पुढं. बोलायला मोकळ्या. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, ह्ये गळ्याला काय लावलं? नजरंचं हाये का?"

"नजर ठेवणारंच आहे," मी म्हणाले आणि पुढं गेले. आम्ही नातेवाइकांना चपला कुठं काढायच्या ते सांगत होतो, डबा कुठं ठेवायचा ते सांगत होतो. त्या टिकलीबद्दल नीट बसून एका शब्दानं कुणी सांगत नव्हतं. आम्हाला वाटायचं, त्यांना काय कळायचंय, आणि काय करायचंय कळून.

सर्जेरावांना ती टिकली नकोशी झाली होती. दाढीचे खुंट वाढलेले, वर घाम. डिंक सुटायचा आणि मशीन टूं टूं करत बोंबलायचं. नसरीन म्हणून माझ्या हाताखाली एक चांगली पोरगी होती, ती जाऊन टिकली दाबून यायची. सर्जेराव दचकून जागे व्हायचे, पाय दुखायचा, शिव्या हासडायचे. पुन्हा डोळा लागायचा, पुन्हा मशीन बोंबलायचं. शेजारच्या खाटेजवळचा नातेवाईक कुरकुरायला लागला. दुपारपर्यंत हे चाललं. मग मशीन गप्प झालं. नसरीन म्हणाली, "ताई, अब बैठ गया बराबर. नंबर एकदम मस्त आ रहा है." माझ्या टेबलावरच्या पडद्यावर मीही बघितलं. खरंच सुरेख आकडा होता आणि एकसारख्या लाटा. नळीनं ऑक्सिजन चालू होता, त्यामुळे बोटाचा चिमटाही उत्तम सांगत होता. मी चहा मागवला. तो चहा मी निवांत बसून प्यायले.

चहा झाल्यावर त्या खोलीत गेले ते भलत्याच कामाला. प्रयागबाईंनी खाटेखाली भलंमोठं बोचकं ठेवलं होतं, ते हलवायला सांगायचं होतं. त्या स्टुलावर नवऱ्याच्या उशाशी बसल्या होत्या. सर्जेराव डोळे मिटून निपचित.

"झोप लागली वाटतं काकांना," मी म्हणाले.

"व्हय की," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, पण चेहरा कसा खुललेला. "लई शांत झोपलेत बगा. घरी तर यांच्या घोरन्यानं पत्रे हालतेत. लगीन झाल्यापासून आज पयल्यांदा बिनघोराचे झोपलेत. तुमच्या दवाखान्याचा गुन हाये, सिस्टर."

त्या बोलत होत्या आणि माझी नजर सवयीनं पडद्यावर गेली. चिरखडा. दोन आडव्या रेघा. म्हणजे पेशंट बोलतोय. नियमाप्रमाणे मी तोंडाकडे बघितलं. सर्जेरावांचे ओठ मिटलेले होते.

प्रयागबाई थांबल्या. पडद्यावर पुन्हा छान लाटा सुरू झाल्या.

मला काही कळेना. असं कधी बघितलंच नव्हतं. माझं तोंड बघून प्रयागबाईंनी विचारलं, "काय झालं, सिस्टर?" आणि पडद्यावर पुन्हा चिरखडा उमटला, बरोब्बर त्या तीन शब्दांपुरता.

मी सर्जेरावांच्या छातीवर हात ठेवला. हात वर उचलला जाईना. थांबले. अजून थांबले. पडद्यावर एक लाट गेली, दुसरी गेली, आणि माझ्या तळव्याखाली काहीच नाही. मी पडद्यापासून वायर डोळ्यांनी धरत आले. ती खाटेच्या कठड्यावरून आली होती, उशीच्या कडेनं गेली होती, आणि तिथून सर्जेरावांकडे न वळता सरळ प्रयागबाईंच्या पदराखाली शिरली होती.

मी पदर बाजूला केला. मंगळसूत्राच्या वर, गळ्याच्या बाजूला, टिकली नीट चिकटवलेली होती. आमच्या एखाद्या नव्या मुलीनं लावली नसती इतकी नीट.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. मी ओरडले, "सर्जेराव! डोळे उघडा! श्वास घ्या!" खांदे गदागदा हलवले. डोळ्याची पापणी उचलली, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, म्हणजे दुखण्याचं औषध अंगात जास्त झालेलं. जबडा दोन्ही हातांनी पुढं ओढून धरला की मिटलेला गळा उघडतो, तो ओढला, तेव्हा कुठून तरी खोलवरून एक घरघर आली आणि पुन्हा सगळं थांबलं. नसरीन ट्रॉली घेऊन धावत आली.

"ताई, नंबर तो अच्छा दिख रहा है!"

"तो काकूंचा आहे!"

"क्या?"

"नंबर काकूंचा आहे, नसरीन! मास्क दे!"

नसरीन पांढरीफटक पडली, पण हात थांबले नाहीत तिचे. नाकातोंडावर मास्क धरून मी त्याला जोडलेला हवेचा फुगा दाबायला लागले. आता त्या दांडग्या माणसाचा श्वास म्हणजे माझ्या हातातला तो फुगा होता. भूलतज्ज्ञ मॅडम थिएटरमधून तशाच टोपी-गाऊनमध्ये आल्या. दुखण्याच्या औषधावर उतारा असतो, तो त्यांनी शिरेतून दिला. आणि तेवढ्यात मशीन बोंबलायला लागलं. एवढा वेळ गप्प बसलेलं मशीन! प्रयागबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, वायर अजून गळ्यालाच होती, आणि भीतीनं त्यांना धाप लागली होती. मशीन जिवाच्या आकांतानं आम्हाला सांगत होतं की या पेशंटचा श्वास फार वाढलाय. भलत्याच माणसासाठी ओरडणारं ते मशीन मी अजून विसरले नाही.

उताऱ्याचा गुण लवकर येतो. सर्जेरावांनी आधी एक मोठा श्वास ओढला, मग दुसरा, मग डोळे उघडले आणि पाय दुखतोय म्हणून मॅडमना अशी काही शिवी हासडली की मॅडम हसत हसत रडायला लागल्या. मी फुगा खाली ठेवला.

आणि मग मी प्रयागबाईंवर ओरडले. उभ्या नोकरीत नातेवाइकावर इतकी ओरडले नसेन. "काय केलंत हे तुम्ही? कुणी सांगितलं होतं? माणूस जात होता तुमच्यासमोर!"

त्या गांगरून म्हणाल्या, "आवं, त्ये मशीन त्यांना निजू देईना. सुटलं की बोंबलायचं. म्हनलं, त्याला गळाच पायजे ना? मपला घे. छळायचं तर मला छळ. चिकटिवलं आन् गप झालं. त्यांना लगीच झोप लागली."

"लगेच?"

"लगीच. घोरनं बी थांबलं."

मला वायरीपेक्षा या शब्दांचा धक्का जास्त बसला. ती बाई त्याच्या उशाशी बसली होती, एका हाताच्या अंतरावर. घोरणं विरत विरत थांबलं ते तिनं ऐकलं होतं. मशीनच्या कानाला जे कळायला हवं होतं ते तिच्या कानाला कळलंही होतं. फक्त तिला ते सुख वाटलं. घरात रोज ज्या आवाजानं झोप मोडते तो बंद झाला तर कुणाला वाईट वाटेल? मलाही सुखच वाटलं असतं.

माझा आवाज खाली आला. मी टिकली हलकेच काढून घेतली. त्या पडद्याकडे बघत होत्या. टिकली निघताच लाटा गेल्या आणि सपाट रेघ आली. प्रयागबाईंनी ती बघितली, मग स्वतःच्या गळ्याला हात लावला.

"म्हंजे सिस्टर," त्या फार हळू म्हणाल्या, "तिथं दिसत व्हतं ते माजं व्हतं?"

"हो."

"आन् त्यांचं?"

त्या होत्या तिथंच फरशीवर बसल्या, आणि नवऱ्याचा मोकळा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला. रडल्या नाहीत. नुसतं पायाला धरून त्या हलत्या छातीकडे बघत राहिल्या.

नसरीननं दाढी करायचं सामान आणलं, गळ्याच्या बाजूचे खुंट काढले, घाम पुसला आणि नवी टिकली लावली. हे आम्ही सकाळीच करायला हवं होतं. संध्याकाळी औषध बेताचं करून दिल्यावर सर्जेराव झोपले आणि घोरायला लागले. असं घोरणं मी जन्मात ऐकलं नाही. शेजारच्या खाटेजवळचा नातेवाईक वैतागून म्हणाला, "ओ काकू, जरा कुशीवर करा ना त्यांना. आमच्या पेशंटला झोप नको?"

प्रयागबाई अशा उसळल्या की खोली चिडीचूप झाली. "घोरू द्या! कुनी हात लावायचा नाय! कान दुकत असतील तर कापूस घाला!"

आणि उठून त्यांनी झोपलेल्या नवऱ्याच्या तोंडावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. दवाखान्यात अलाबला घेणाऱ्या बायका मी खूप बघितल्या. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की टिकली स्वतःच्या गळ्याला लावताना या बाईनं याहून वेगळं काही केलंच नव्हतं. छळ माझ्याकडे येऊ दे, एवढंच. मशीन कुणाचाही छळ करायला बसवलेलं नाही हे तिला सांगायचं काम आमचं होतं.

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत त्या खोलीत बसणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला आधी स्टुलावर बसवून, टिकली दाखवून, ती कशासाठी आहे ते सांगत असे. नव्या मुली कंटाळायच्या. "मॅडम, कोण कशाला स्वतःला लावून घेईल?" म्हणायच्या. नसरीन त्यांना म्हणायची, "चुप बैठो और सुनो."

सर्जेराव घरी निघाले त्या दिवशी प्रयागबाईंनी विचारलं, "सिस्टर, त्ये गळ्याचं इकत मिळतं का?" मी म्हटलं, घरी ते लागत नाही, पण यांची झोपेची तपासणी करून घ्या. झोपेत श्वास अडतो त्याला रात्री तोंडावर लावायचं वेगळं मशीन असतं. सर्जेराव चाकाच्या खुर्चीत बसून ऐकत होते. तपासणी त्यांनी पुढं बायकोच्या धाकानं करून घेतली, डॉक्टरांनी तेच मशीन सांगितलं, पण त्या दिवशी काय किंवा नंतर काय, त्यांचं उत्तर एकच. "तोंडाला सोंड लावून झोपू का? गावात काय इज्जत ऱ्हाईल माजी?"

मग मी प्रयागबाईंना आमची जुनी लबाडी शिकवली. मनगट धरायचं, डोळे छातीवर ठेवायचे. त्यांनी तिथंच सर्जेरावांचं मनगट धरून बघितलं आणि लाजून हसल्या. "इतक्या वर्सांत कदी हात धरला नाय यांचा. लोक काय म्हनतील?"

माझा फोन नंबर त्यांनी घेतला होता. निवृत्तीनंतर मी सिडकोत घरी बसून कंटाळले होते, तेव्हा एक दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा आवाजी निरोप आला. चालू केला तर शब्द नाही, नुसतं घोरणं. दुपारच्या झोपेतलं, मागं पंख्याचा आवाज. शेवटी प्रयागबाई म्हणाल्या, "बरं हायेत," आणि बंद. मग अधूनमधून तसे निरोप यायला लागले. सणावाराला लोक मला फुलांची चित्रं पाठवायचे आणि बिडकीनहून घोरणं यायचं. माझे यजमान म्हणायचे, हा काय प्रकार आहे. मला मात्र त्या निरोपांची वाट बघायची सवय झाली. प्रत्येक वेळी मी तो अखेरपर्यंत ऐकायचे. मोजायचेही. जित्याची खोड.

परवा चकल्यांची भाजणी मळत होते आणि निरोप आला. पिठानं भरलेल्या हातानंच फोन चालू केला. घोरणं सुरू झालं, रोजच्यासारखं, पत्रे हलवणारं. आणि मधेच तुटलं.

मी वाट बघितली. येईना. पंख्याचा आवाज तेवढा चालू. माझी बोटं आपोआप माझ्याच मनगटावर गेली, डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. येईना. मला एकदम कळलं की हे घडून गेलेलं आहे. मी खांदे हलवू शकत नाही, जबडा ओढू शकत नाही. जे झालं असेल ते झालेलं आहे आणि मी हातात पीठ घेऊन ते ऐकते आहे. मीच श्वास घेत नव्हते हे मागाहून ध्यानात आलं.

मग फोनमधून चापट मारल्याचा आवाज आला आणि प्रयागबाईंचा, अगदी जवळून, "आवं! घ्या की!" पाठोपाठ म्हशीनं पाण्यातून तोंड वर काढावं तसा एक प्रचंड श्वास, आणि सर्जेरावांचा झोपेतला आवाज, "काय गं?"

"काय नाय. झोपा."

थोड्या वेळानं घोरणं पुन्हा सुरू झालं. प्रयागबाई फोनशी कुजबुजल्या, "ऐकलं ना, सिस्टर? रातीत लई बार व्हतं असं. पर तुमी भिऊ नका. मी हाये ना जागी."

मी ते शेवटचं वाक्य पुन्हा ऐकलं. ऑपरेशनला कितीतरी दिवाळ्या होऊन गेल्या होत्या. एवढ्या सगळ्या वर्षांच्या रात्री ती बाई जागी होती. टिकली मी तिच्या गळ्यावरून काढली असं मला वाटत होतं. मी काढलीच नव्हती.

तशाच हातांनी फोन लावला. "काकू, त्यांना उठवा आणि फोन द्या."

"बोला सिस्टर," सर्जेराव झोपाळू आवाजात म्हणाले. "बरा हाये मी. एकदम टकाटक."

त्यांना श्वासाबद्दल सांगायचं नाही असं मी ठरवलं. सगळ्यांनी सांगून झालं होतं. मी म्हटलं, "सर्जेराव, तुम्ही कसे आहात ते मी विचारतच नाहीये. तुमची बायको शेवटची रात्रभर कधी झोपली, तेवढं सांगा."

"काय म्हनतेत वो सिस्टर?" असा प्रयागबाईंचा आवाज मागून आला. फोनमध्ये नुसता सर्जेरावांचा श्वास ऐकू येत होता, जड, जागेपणीचा, आणि मी परातीपाशी उभी राहून तो ऐकत होते. भाजणी वाळायला लागली होती.

मग त्यांनी घसा खाकरला आणि बायकोला ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं, "सिस्टर, ती सोंड... शेरात कुटं मिळती?"